काश्मीरच्या हिमनद्या : पायी जाण्याच्या तीन वाटा

आपल्याकडून काश्मीरला जाणाऱ्या कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. दल सरोवरात शिकारा, मुघल बागा, हजरतबलला नमाज, गुलमर्गची गोंडोला, एक दिवस पहलगाम, एक दिवस सोनमर्ग आणि शेवटच्या दिवशी अक्रोड, केशर, शालींची खरेदी. पाच-सहा दिवस भुर्रकन उडून जातात. परत आल्यावर मोबाइलमध्ये पाचशे फोटो असतात, पण त्यातले निम्मे गाडीच्या काचेतून काढलेले असतात.

यात चूक काही नाही. घरात वयस्कर माणसे असतात, लहान मुले असतात, सुट्टी मोजकी असते. पण ज्या बर्फासाठी आपण दोन हजार किलोमीटरचा प्रवास करून जातो, तो बर्फ आपण खरे तर लांबूनच पाहून येतो. गाडीचा रस्ता संपतो तिथून पुढे दोन तास, दोन दिवस किंवा आठवडाभर पायी चालले, तर हिमनद्यांचा प्रदेश सुरू होतो. काश्मीरच्या नद्या, भाताची खाचरे, दल सरोवर, सफरचंदाच्या बागा या सगळ्यांचे मूळ तिथे आहे. आणि ते मूळ दर वर्षी थोडे थोडे कमी होत आहे. म्हणूनच मुलांना घेऊन ते एकदा जवळून पाहून यावे, असे वाटते.

उन्हाळ्यात भरणारी नदी

आपण सह्याद्रीच्या कुशीत वाढलेली माणसे. आपल्या नद्या पावसावर जगतात. जुलैत दोन्ही काठ भरून वाहणारी नदी एप्रिल-मे महिन्यात वाळूची पट्टी होते. विहिरींचा तळ दिसू लागतो आणि कोकणातल्या, मराठवाड्यातल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन पाण्याच्या वाटेला लागतात. ऊन वाढले की पाणी घटते, हा आपला जन्माचा अनुभव.

काश्मीरमध्ये हे गणित उलटे आहे. तिथे नदी हिवाळ्यात रोडावते आणि ऊन तापू लागले की भरू लागते. मे-जून महिन्यात पहलगामच्या लिद्दर नदीकाठी उभे राहिले, तर पाण्याच्या आवाजात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. डोक्यावर ढग नसतो आणि नदी मात्र फेसाळत असते. कारण तिचे पाणी वरच्या डोंगरांवर बर्फाच्या रूपात साठवलेले असते.

हा साठा दोन प्रकारचा आहे. एक, त्या वर्षीच्या हिवाळ्यात पडलेला बर्फ. वसंतापासून तो वितळू लागतो आणि नदीतले बहुतेक पाणी त्याचेच असते. दुसरा साठा जुना, शेकडो वर्षांचा. उंच कपारींत पडलेला बर्फ उन्हाळ्यात पुरता वितळत नाही. त्यावर पुढच्या वर्षीचा थर बसतो, मग त्याच्या पुढच्या वर्षीचा. वरच्या वजनाने खालच्या थरातली हवा निघून जाते आणि त्याचा कठीण, निळसर बर्फ होतो. थर पुरेसा जाड झाला की स्वतःच्याच भाराने तो उतारावरून सरकू लागतो, अगदी हळूहळू, डोळ्यांना न दिसता. सरकतो म्हणून तिला हिमनदी म्हणायचे.

कोकणातल्या जुन्या घरांत भाताची कणगी असायची. रोजचे खाणे नव्या भातावर चालायचे, पण हंगाम संपत आला की कणगीला हात लागायचा. हिमनदी ही डोंगराची कणगी आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात हिवाळ्यातला बर्फ संपतो, त्या दिवसांत ती नदीला जगवते. कणगीत जितके जाते त्याहून जास्त दर वर्षी काढले, तर एक दिवस तळ दिसतो. काश्मीरच्या हिमनद्यांचे आज नेमके हेच चालले आहे.

पहिली वाट : थाजिवास

ही सगळ्यांसाठीची वाट. श्रीनगरहून सोनमर्ग सुमारे ८० किलोमीटर. काश्मिरीत ‘सोन’ म्हणजे सोने आणि ‘मर्ग’ म्हणजे कुरण. पहिला शब्द तर मराठी माणसाला शिकवावाच लागत नाही. पूर्वी हिवाळ्यात हिमस्खलनांमुळे सोनमर्गचा रस्ता बंद व्हायचा. १३ जानेवारी २०२५ रोजी सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीच्या बोगद्याचे उद्घाटन झाले आणि आता हिवाळ्यातही तिथे पोहोचता येते.

सोनमर्गच्या बाजारापासून थाजिवासची दरी साधारण तीन किलोमीटरवर आहे. चढ हलका आहे. डावी-उजवीकडे सूचिपर्णी झाडे, त्यांच्या वर पांढऱ्या सालीचे भूर्जवृक्ष, मधून खळाळणारा ओढा. रमतगमत चाललात तर मुलांसह दीड-दोन तास लागतात. ज्यांना चालणे जमत नाही त्यांच्यासाठी घोडे आहेत. आमच्या अम्मींचे गुडघे दुखतात. त्या घोड्यावर बसल्या आणि आम्ही सगळे पायी निघालो.

लगाम धरून चालणारा घोडेवाला साठीचा होता. वाटेत एका मोठ्या खडकाजवळ तो थांबला आणि म्हणाला, “बाजी, मेरे वालिद बताते थे, उनकी जवानी में जुलाई में भी बर्फ इस पत्थर तक रहती थी.” आम्ही समोर पाहिले. बर्फाचा पहिला पट्टा खडकापासून बराच वर होता. अम्मी घोड्यावरूनच म्हणाल्या, “अल्लाह रहम करो.” घोडेवाला हसला आणि पुढे चालू लागला.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. मे-जून महिन्यात थाजिवासच्या कुरणाजवळ जो बर्फ असतो, ज्यावर लोक घसरगाडीत बसतात आणि फोटो काढतात, तो बहुतेक हिवाळ्यात पडलेला आणि कड्यांवरून घसरून खाली साठलेला बर्फ असतो. खरी हिमनदी त्याच्याही वर, शिखरांच्या मधल्या खाचांत लटकलेली दिसते. तिचा रंग मळकट पांढरा, मधेच निळसर, आणि अंगावर आडव्या भेगा. मुलांना ती बोटाने दाखवा. “आपण ज्यावर खेळतो आहोत तो यंदाचा बर्फ, आणि ती वरची आपल्या नानांच्या नानांच्या काळातली,” एवढे सांगितले तरी त्यांना फरक कळतो.

घोडा, बूट, कोट, घसरगाडी यांचे दर आधी ठरवून घ्यावेत. अधिकृत दरांचा फलक लावलेला असतो, तो वाचावा. पण ठरल्यानंतर शेवटच्या वीस रुपयांसाठी घासाघीस करू नये. या माणसांची कमाई चार-पाच महिन्यांची असते आणि खाणारी तोंडे बारा महिन्यांची.

दुसरी वाट : आरू, लिद्दरवट आणि कोलाहोई

लिद्दर नदीच्या दोन शाखा पहलगामला मिळतात. पूर्वेकडची शेषनागकडून येते, पश्चिमेकडची कोलाहोई हिमनदीतून. या पश्चिमेकडच्या शाखेच्या काठाने वर जाणारी वाट ही काश्मीरमधल्या जुन्या पायवाटांपैकी एक आहे.

पहलगामहून आरू हे गाव सुमारे १२ किलोमीटरवर आहे. तिथपर्यंत गाडी जाते. लाकडी घरे, मक्याची शेते आणि चारी बाजूंनी जंगल. ज्यांना मुक्कामी चालायचे नाही त्यांनी आरूला सकाळी जावे, तास-दोन तास वरच्या कुरणांत फिरावे आणि संध्याकाळी परतावे. एवढ्यानेही मन भरते.

पुढची वाट मात्र मुक्कामाची. आरूपासून लिद्दरवट सुमारे दहा-बारा किलोमीटर. वाट चढाची असली तरी छातीवर येणारी नाही. बराच वेळ ती जंगलातून आणि नंतर नदीकाठच्या कुरणांतून जाते. लिद्दरवटला दोन दऱ्या एकत्र येतात. एका दरीतून कोलाहोईचे पाणी येते, दुसरीतून तारसर सरोवराचे. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून कोलाहोईच्या तोंडापर्यंत जाऊन परत येता येते.

कोलाहोई शिखराची उंची ५,४२५ मीटर. अर्नेस्ट नेव्ह या श्रीनगरच्या मिशन इस्पितळातल्या डॉक्टरांनी आणि केनेथ मेसन यांनी १९१२ साली ते सर केले. शिखराच्या पायथ्याला काश्मीर खोऱ्यातली सर्वांत प्रसिद्ध हिमनदी आहे. तिच्या जवळ जाताना आधी बर्फ दिसतच नाही. दिसतात ते दगडगोट्यांचे बांध, एकामागे एक. हिमनदी सरकताना डोंगर खरवडते आणि तो सगळा राडारोडा पुढे ढकलते. ती मागे हटली की बांध तिथेच राहतात. म्हणजे या दगडी बांधांवरून चालताना आपण जिथून चालतो तिथे कधीकाळी बर्फ होता. त्यांच्या पलीकडे राखाडी, मातीने माखलेली बर्फाची भिंत आणि तिच्या पोटातून उसळणारे दुधाळ पाणी. पाण्याचा तो रंग हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठाचा असतो.

काश्मीर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी जुने नकाशे आणि उपग्रहाची चित्रे ताडून पाहिली. १९६३ मध्ये कोलाहोई हिमनदीचे क्षेत्रफळ सुमारे साडेतेरा चौरस किलोमीटर होते. २००५ पर्यंत ते अकराच्याही खाली आले. बेचाळीस वर्षांत जवळपास पाचवा हिस्सा गेला. हवेचे तापमान वाढते आहे आणि हिवाळ्यातल्या बर्फाचा भरवसा राहिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बर्फाविना तपकिरी पडलेले सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिले.

लिद्दरच्या पाण्यावर अनंतनाग भागातली भातशेती चालते. भाताची लावणी जूनमध्ये होते, म्हणजे पाणी हवे ते नेमके उन्हाळ्यात. पाण्याची चणचण आणि फळांना मिळणारा चांगला भाव, या दोन्ही कारणांनी कितीतरी शेतकऱ्यांनी भाताच्या खाचरांत सफरचंदाची झाडे लावली आहेत. काश्मिरी माणूस आपल्या कोकणी माणसासारखाच भातावर जगणारा आहे. घरचा भात सोडून बाजारचा तांदूळ आणणे त्यालाही सुखाचे वाटत नसणार.

लिद्दरवटहून दुसऱ्या दरीने वर गेले की तारसर लागते आणि डोंगराच्या पलीकडे मारसर. दोन्ही सरोवरे हिमनद्यांनी कोरलेल्या खळग्यांत साठलेली. मधे एकच धार, पण नशीब वेगळे. तारसरचे पाणी लिद्दरला जाते. मारसरचे पाणी उलट बाजूने दाचीगामच्या जंगलातून उतरते, श्रीनगरजवळच्या हारवानला येते आणि पुढे दल सरोवराला मिळते. शिकाऱ्यात बसून ज्या पाण्यात आपण हात बुडवतो, त्यातले काही थेंब मारसरहून आलेले असतात.

तिसरी वाट : हरमुखच्या पायथ्याशी गंगबल

ही वाट चालण्याची सवय असलेल्यांसाठी. श्रीनगरहून सुमारे ५० किलोमीटरवर नारानाग हे गाव आहे. तिथे कर्कोट राजांच्या काळातल्या, बाराशे वर्षांहून जुन्या दगडी मंदिरांचे अवशेष झऱ्याकाठी उभे आहेत. गावातून वाट सरळ जंगलात शिरते आणि पहिल्याच दिवशी घाम काढते. हजार मीटरहून अधिक चढ आहे. वर पोहोचले की हरमुख पर्वत समोर येतो. त्याची उंची ५,१४२ मीटर, अंगावर हिमनदी, आणि पायाशी नुंदकोल व गंगबल ही दोन सरोवरे. गंगबल साडेतीन हजार मीटरहून उंच आहे. काश्मिरी पंडितांसाठी हे पवित्र स्थान आहे. तिथे त्यांची यात्रा जाते. पाण्याजवळ वागताना याचे भान ठेवावे.

हरमुखची एक गोष्ट मुलांना नक्की सांगावी. १८५६ साली थॉमस माँटगोमेरी नावाचा सर्वेक्षण अधिकारी हरमुखच्या खांद्यावर दुर्बीण घेऊन बसला होता. दोनशे किलोमीटरहून दूर काराकोरमच्या रांगेत त्याला दोन उंच शिखरे दिसली. त्याने वहीत त्यांना के-१ आणि के-२ असे क्रमांक दिले. त्यातले दुसरे म्हणजे ८,६११ मीटर उंचीचे, जगात दुसऱ्या क्रमांकाचे शिखर. हरमुखवर टिपलेले ते तात्पुरते नाव आजवर तसेच राहिले.

ज्यांना आठवडाभर चालायचे आहे त्यांच्यासाठी सोनमर्गहून निघून नारानागला उतरणारी सरोवरांची वाट आहे. साधारण ७० किलोमीटर, सहा-सात दिवस. विशनसर, किशनसर, गडसर, सतसर आणि शेवटी गंगबल. काश्मिरीत ‘सर’ म्हणजे सरोवर. वाटेतली सर्वांत उंच खिंड चार हजार मीटरच्या वर आहे. जुलै ते सप्टेंबर हाच तिचा हंगाम. निळी पॉपीची फुले, दगडांमागून शिट्टी घालणारे मार्मोट, आणि दर दिवशी वेगळ्या रंगाचे सरोवर. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी अनुभवी गटाबरोबर ही वाट जरूर करावी.

डोंगरातले शेजारी

या तिन्ही वाटांवर एक गोष्ट सारखी दिसते. दगड-लाकडाची, मातीच्या छपराची बसकी घरे, धुराचा वास, मेंढ्या-बकऱ्यांचे कळप आणि राखण करणारे दांडगे कुत्रे. हे गुज्जर आणि बकरवाल. सारे मुस्लिम, भाषा गोजरी. हिवाळा ते जम्मू, राजौरी, पूंछच्या सखल भागात काढतात आणि उन्हाळा लागला की म्हातारेकोतारे, तान्ही मुले, घोडे, कळप असे सगळे बिऱ्हाड घेऊन खिंडी ओलांडून या कुरणांत येतात. १९९१ पासून त्यांची अनुसूचित जमातीत नोंद आहे.

आपल्यासाठी जो ट्रेक आहे तो त्यांच्या बायकांसाठी रोजची पाण्याची, लाकडाची आणि गुरांची वाट आहे. लिद्दरवटच्या बाजूला एका घरापाशी आम्ही सलाम केला, तर घरातल्या आजीने आत बोलावून मिठाचा चहा आणि मक्याची भाकरी पुढे ठेवली. आमच्या मुलीला तो खारा चहा प्यावेना. आजी हसून म्हणाली, “पी ले बेटी, चढाई में नमक काम आता है.” निघताना पैसे देऊ केले तेव्हा तिने हात मागे घेतला. मग आम्ही नातवंडांसाठी खजूर आणि चिक्की ठेवली, ती मात्र घेतली.

अशा घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, बायकांचे तर मुळीच नाही. आणि कळपाची कुरणे तुडवत तंबू ठोकू नये. ते गवत म्हणजे त्यांचे वर्षाचे उत्पन्न आहे.

पहलगामबद्दल दोन शब्द

आज पहलगामचे नाव काढले की आणखी एक गोष्ट मनात येते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात २६ निरपराध माणसे मारली गेली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातले सहा जण होते. पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला एक स्थानिक मुस्लिम घोडेवालाही त्यांत होता. दुसऱ्या दिवशी सगळ्या खोऱ्याने बंद पाळून त्या कृत्याचा निषेध केला. त्यानंतर सुरक्षेसाठी अनेक ठिकाणे बंद केली गेली आणि पुढे टप्प्याटप्प्याने उघडली.

ज्या घरांतली माणसे गेली त्यांचे दुःख शब्दांनी भरून येणारे नाही. त्याच वेळी, पर्यटकांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या घोडेवाल्यांच्या, वाटाड्यांच्या, ढाबेवाल्यांच्या घरातली चूलही त्या हंगामात विझली होती, हे विसरता येत नाही. जायचे की नाही हा निर्णय प्रत्येक घराने आपापला घ्यावा. जाणाऱ्यांनी मात्र कोणते ठिकाण खुले आहे आणि कुठे परवानगी लागते हे स्थानिक प्रशासनाकडून आणि पर्यटन कार्यालयातून आधी विचारूनच निघावे. मुक्कामी वाटांसाठी नोंदणी लागते. ओळखपत्रांच्या प्रती जवळ ठेवाव्यात.

निघण्याआधी

काही साध्या गोष्टी सांभाळल्या तर प्रवास सोपा होतो.

उंची. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. श्रीनगर शहरच जवळपास तेवढ्या उंचीवर, १,५८५ मीटरवर वसलेले आहे. म्हणजे आपण आपल्या सर्वांत उंच शिखराच्या पातळीवरून चालायला सुरुवात करतो. त्यामुळे पोहोचल्या पोहोचल्या चढायला लागू नये. एक-दोन दिवस श्रीनगर किंवा पहलगामला राहावे, पाणी भरपूर प्यावे, सावकाश चालावे. तीन हजार मीटरच्या वर डोके दुखू लागले, मळमळले, चक्कर आली तर आणखी वर जाऊ नये. त्रास वाढला तर लगेच खाली उतरावे. दमा, हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी घरून निघतानाच डॉक्टरांना विचारावे.

हवामान. सकाळ स्वच्छ असते, दुपारनंतर ढग जमतात. म्हणून फजरनंतर लगेच निघावे आणि दुपारपर्यंत मुक्काम गाठावा. जूनमध्येही रेनकोट आणि लोकरीचा एक कपडा पिशवीत हवाच. बर्फावरचे ऊन डोळ्यांना आणि चेहऱ्याला भाजते, त्यामुळे काळा चष्मा आणि टोपी किंवा ओढणी लागते.

कपडे. सलवार-कमीज चालायला उत्तम, पण घोळ घोट्याच्या वर राहील असा शिवून घ्यावा. बुरखा वापरणाऱ्यांनी चढावर तो पायात अडकणार नाही एवढा आखूड ठेवावा. पायात नवे बूट घालू नयेत. घरी पंधरा दिवस वापरलेले घालावेत.

हिमनदीवर. वाटाड्याशिवाय बर्फावर पाऊल टाकू नये. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली खोल भेग असू शकते. हिमनदीच्या तोंडाशी बर्फाची गुहा दिसते. फोटोसाठी आत शिरू नये, छत कधीही कोसळते. ओढ्यावरचा बर्फाचा पूल दुपारी उन्हाने कच्चा होतो.

नमाज. महाराष्ट्रात किब्ला पश्चिमेपासून किंचित उत्तरेला असतो, काश्मीरमध्ये तो पश्चिमेपासून थोडा दक्षिणेला येतो. वरच्या भागात मोबाइलला नेटवर्क नसते, म्हणून साधे होकायंत्र जवळ ठेवावे. ओढ्याचे पाणी इतके गार असते की वुजू करताना बोटे बधिर होतात. वृद्धांसाठी थर्मासमध्ये गरम पाणी न्यावे. कसर आणि मोज्यांवरचा मसह यांचे मसले निघण्याआधीच आपल्या आलिमांना विचारून घ्यावेत.

फोन आणि प्रवास. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालते. घरातल्या एकाकडे तरी ते असावे. पुण्याहून झेलम एक्स्प्रेस वर्षानुवर्षे जम्मूला जाते. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वेही सुरू झाली आहे. वाटेत चिनाब नदीवरचा पूल लागतो, पात्रापासून ३५९ मीटर उंच. मुलांना खिडकीशी बसवावे.

पाण्याचा हिशेब

लिद्दर असो की सोनमर्गकडून येणारी सिंध, दोन्ही शेवटी झेलमलाच मिळतात. ज्या नदीचे नाव घेऊन आपली गाडी पुण्याहून सुटते, तिच्या पाण्यात थाजिवास, कोलाहोई आणि हरमुख या तिन्हींचा वाटा आहे.

हिमनद्या वाचवणे एका कुटुंबाच्या हातात नाही. त्या वितळण्याची कारणे मोठी आहेत, जगभर पसरलेली आहेत. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. प्लास्टिकची बाटली, वेफर्सचे पाकीट, मुलांचे डायपर वर टाकून येऊ नयेत. जे नेले ते परत खाली आणावे. ओढ्यात साबण लावू नये, कारण खालच्या गावात तेच पाणी प्यायले जाते. जिथे दोन किलोमीटर चालता येते तिथे गाडी मागवू नये. मुक्काम, घोडा, वाटाड्या गावातलाच घ्यावा, म्हणजे डोंगर राखणाऱ्याच्या हाती चार पैसे पडतील.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मुलांना ती घरच्या नळापाशी सांगितली तर एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्या कानाने सोडून देतात. थाजिवासच्या ओढ्याकाठी, वर लटकलेली ती मळकट हिमनदी दाखवून सांगितली तर बहुधा लक्षात राहते. आमची धाकटी आता दात घासताना नळ बंद करते आणि मोठ्या भावालाही करायला लावते.